०.४५ मोठं की ०.६? शंभर घरांचा चौकोन खरंच कामाला येतो का?

ओसरी
नमस्कार मंडळी. मुलगी पाचवीत आहे, मराठी माध्यम. दशांश अपूर्णांक सुरू झालेत आणि घरात रोज वाद. ०.६ आणि ०.४५ यांत मोठं कोण? तर ०.४५. का? "पंचेचाळीस सहापेक्षा मोठे ना गं." ०.८ + ०.५ चं उत्तर ०.१३. गंमत अशी की स्थानिक किंमत विचारली तर धडाधड सांगते: सहा दशांशस्थानी, चार दशांशस्थानी, पाच शतांशस्थानी. म्हणजे नावं पाठ आहेत, पण त्यातलं मोठं काय नि लहान काय हे डोळ्यासमोर येत नाही.

शाळेत शंभर घरांचा चौकोन रंगवायला दिला होता. ०.३ साठी हिने तीन घरं रंगवली, वर फुलं काढली आणि वही मिटली.

तर प्रश्न असा, की या रंगवण्याचा खरंच उपयोग होतो की ती चित्रकलाच? होत असेल तर घरी कसं करून घ्यायचं? कोणी केलं असेल तर जरा तपशिलात लिहा. "सरावाने येईल" हे सासूबाईंचं सांगून झालंय.

नाममात्र
इतका व्याप कशाला? दशांश चिन्हानंतरचे अंक सारखे करायचे. ०.६ ला शेवटी शून्य लावलं की ०.६०. साठ विरुद्ध पंचेचाळीस, साठ मोठे. एका ओळीचा नियम आहे. आम्ही याच नियमावर इंजिनिअर झालो, चौकटी रंगवल्या नाहीत.

खडूफळा
जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, पाचवीला गणित माझ्याकडेच असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

नाममात्र म्हणतात तो नियम खोटा नाही. पण ज्या मुलाला ०.६ आणि ०.६० एकच का ते दिसलेलं नाही, त्याच्यासाठी शून्य म्हणजे कुठेही लावायची टिकली. ते ०.०६ पण करतं आणि "शून्य लावलं की सर" म्हणतं. पूर्ण संख्येत शेवटी शून्य लावलं की संख्या दहापट होते हे त्याने चार वर्षं घोकलेलं असतं. इथे तसं होत नाही हे नुसतं सांगून पटायचं नाही, डोळ्यांनी बघू द्यावं लागतं.

ओसरीताई, तुमच्या लेकीने तीन घरं रंगवली यात तिचा दोष नाही. तिच्या हातात एकदम शंभर घरं दिली, मग तिने घरं मोजली. तिच्या दृष्टीने एक घर म्हणजे एक. पूर्ण चौकोन म्हणजे १ हे कोणी ठसवलंच नाही. सगळी मेख इथेच आहे, बाकीचं नंतर.

मी असं करतो. पहिल्या दिवशी कोरा चौकोन, आत एकही रेघ नाही. "हा १. यातला अर्धा रंगव." रंगवतात. "पाव रंगव." तेही जमतं. मग म्हणतो, "०.३ अंदाजाने रंगव." इथे वर्ग गप्प होतो, आणि ते चांगलंच. कोणी अर्ध्यापेक्षा जास्त रंगवतो, कोणी कोपऱ्यात ठिपका देतो. मग तसाच दुसरा चौकोन द्यायचा, यावर फक्त उभ्या नऊ रेघा, म्हणजे दहा पट्ट्या. एक पट्टी म्हणजे ०.१. तीन पट्ट्या रंगवून आपल्या अंदाजाशेजारी ठेवायचं. या दहा पट्ट्यांवरच एक-दोन दिवस काढायचे. शतांशाचं नावही काढायचं नाही.

आडव्या नऊ रेघा त्यानंतर, आणि त्या मुलांनीच मारायच्या, शक्यतो आधी रंगवलेल्या चौकोनावर. सहा पट्ट्या रंगवलेल्या असताना आडव्या रेघा मारल्या की त्याच रंगाची साठ घरं होतात. विचारायचं, "रंग वाढला का?" नाही. "मग ०.६ आणि ०.६०?" नाममात्रांचा नियम इथे मूल स्वतः सांगतं. छापील शंभर घरांचा तक्ता हा या वाटेतला शेवटचा टप्पा. आपण तोच पहिला वाटतो आणि मग म्हणतो मुलांना कळत नाही.

०.४५ म्हणजे चार पट्ट्या नि पाच सुटी घरं. सहा पट्ट्यांशेजारी ठेवा. वाद संपेल.

गुगली
आमच्या चिरंजीवांचा घोळ वेगळाच. क्रिकेटचं वेड. त्याच्या डोक्यात १९.५ नंतर २० येतात! १९.६ लिहिलेलं दिसलं की "अशी ओव्हरच नसते". बरोबरच आहे त्याचं. षटकांतला तो ठिपका दशांश चिन्ह नाहीच, पुढचा आकडा चेंडू आहे, सहावर थांबणारा. पण बाबा, ०.५ म्हणजे अर्धं ना? मग अर्धं षटक म्हणजे पाच चेंडू? एक तास गेला.

शेवटी त्याला नेट रन रेटचं गणित दाखवलं. १९.४ षटकांत १५४ धावा असतील तर १५४ ला १९.४ ने भागत नाहीत, चार चेंडू म्हणजे सहातले चार, म्हणून १९.६६ आणि काही. भागून येणारा रन रेट मात्र खराखुरा दशांश, ७.८३. एकाच स्कोअरकार्डवर दोन तऱ्हेचे ठिपके. आता तोच मला कुठला ठिपका खरा नि कुठला खोटा ते शोधून दाखवतो. घड्याळातले १.३० हा दुसरा खोटा, पुस्तकातला धडा १.१० हा तिसरा.

खडूफळा
गुगली, हे फार कामाचं. वर्गात वापरणार. १.३० तास म्हणजे दीड तास, पण १.३० मीटर म्हणजे दीड मीटर नव्हे, हे पोरांना चक्रावून टाकतं.

आर्याचीआई
आम्ही रुपये-पैशांवरून शिकवलं. रुपयाचे शंभर पैसे, सोपं पडतं. चौकोनाची गरज नाही वाटली.

खडूफळा
आर्याचीआई, पूर्वी पडायचं सोपं. आताच्या मुलाने पैसा पाहिलाय कुठे? चार आण्याचं नाणं ३० जून २०११ नंतर चलनात नाही. पन्नास पैसे कागदोपत्री चालतात, दुकानदार घेत नाही. पैसे उरले ते पेट्रोल पंपाच्या आकड्यांत. दुसरं म्हणजे रुपये-पैसे या दोन वेगळ्या संख्या म्हणूनच वाचल्या जातात. पाच रुपये पाच पैसे लिहायला सांगा, अर्धा वर्ग ५.५ लिहितो. ठिपक्याच्या अलीकडे एक संख्या, पलीकडे दुसरी, हीच समजूत पुढे ०.१३ देते.

सोळाआणे
मी आजी आहे, नातवासाठी इथे वाचत असते. पैशांवरून आठवलं म्हणून लिहिते. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाला चौसष्ट. ते गेले आणि शंभर आले. एक आणा म्हणजे खरं तर सव्वासहा नये पैसे. पण पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून तक्ता होता, एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. एकेक आणा तीनदा मोडला तर अठराच हातात. आमच्या आईचा यावर वाण्याशी कायमचा वाद.

हे सर म्हणतात तो चौकोन मी नातवाबरोबर आणे घालून रंगवला. चार आणे म्हणजे बरोबर पाव चौकोन, पंचवीस घरं. आठ आणे अर्धा. बारा आणे पाऊण, पंचाहत्तर. पण एक आणा रंगवायचा तर सहा घरं नि सातव्याचा पाव तुकडा. तो तुकडा रंगवताना नातू म्हणाला, "आजी, हा तर शंभरात बसतच नाही." मग त्याला कळलं की शंभर घरंही कधीकधी पुरत नाहीत, आणखी बारीक करावी लागतात. ०.०६२५ हा आकडा त्याच्या वडिलांनी लिहून दाखवला.

आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं पाठ होतं. पाढे म्हणूनच पाठ हो, पण पाऊण म्हणजे केवढं हे विचारायची कधी वेळ आली नाही.

नाममात्र
आजी, नमस्कार. _/\_
तरी माझा मुद्दा शिल्लक आहे. चौकोन म्हणजे क्षेत्रफळ. शंभराच्या पुढे काय? ०.१२५ साठी हजार घरं काढणार का? आणि २.७५ ला तीन चौकोन, १४.६ ला पंधरा चौकोन?

मोजणीदार
भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो. इथे शेतकरी कुटुंबातले कोणी असतील त्यांच्यासाठी लिहितो. शंभर घरांचा चौकोन तुमच्या घरात आधीपासून आहे, सातबाऱ्यावर.

हेक्टर म्हणजे शंभर मीटर गुणिले शंभर मीटर. त्याच्या दोन्ही बाजूंचे दहा-दहा भाग पाडा. शंभर घरं होतात, प्रत्येक घर दहा मीटर गुणिले दहा मीटर, म्हणजे एक आर. शंभर आरांचा हेक्टर. आराचेही पुन्हा शंभर भाग, ते चौरस मीटर. सातबाऱ्यावर क्षेत्र हे.आर.चौ.मी. असं लिहितात ते यामुळे. १.०५.२५ असं दिसलं तर दोन ठिपके बघून गांगरू नये. एक हेक्टर, पाच आर, पंचवीस चौरस मीटर. दशांशात १.०५२५ हेक्टर.

आता यातलं शून्य खाल्लं तर काय होतं बघा. ०.०५ हेक्टर म्हणजे पाच घरं, पाच आर, जवळजवळ पाच गुंठे. ०.५ हेक्टर म्हणजे पन्नास घरं, जवळजवळ सव्वा एकर. अर्ज लिहिताना "एक हेक्टर पाच आर"चं "१.५ हेक्टर" करणारी माणसं मी नोकरीभर पाहिली. चांगली शिकलेली. पाचवीतल्या मुलीला काय बोलायचं?

नाममात्र साहेबांच्या हजार घरांचं उत्तर आलेख कागदात आहे. त्यावर दहा सेंटिमीटरचा चौकोन आखा. तो १. एक सेंटिमीटर रुंद उभी पट्टी ०.१. एक चौरस सेंटिमीटर ०.०१. त्या घरातली मिलिमीटरभर रुंद काडी ०.००१. आणि एक बारीक मिलिमीटर घर ०.०००१. कागद आधीच छापलेला आहे, काही काढायला नको. ०.१२५ म्हणजे एक पट्टी, दोन घरं, पाच काड्या. हाच कागद १:१००० प्रमाणावर हेक्टरचा नकाशाही होतो, बारीक घर म्हणजे एक चौरस मीटर.

दूधडेअरी
मोजणीदार काका, सातबाऱ्यासारखंच आमच्या संकलन केंद्रावरही. गायीचं दूध ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून दर. पावतीवर ३.४ आलं की "एक पॉइंट गेला" म्हणतात, म्हणजे ०.१. गावातल्या पोरांना दशांश या पावतीवरून पटकन कळतात, कारण पॉइंट गेला की बापाचे पैसे कापले जातात. ३.०५ आणि ३.५ यात किती पॉइंटचा फरक ते तिसरीतलं पोरगं सांगतं. साडेचार.

ओसरी
किती छान प्रतिसाद येतायत. खडूफळा सर, कोऱ्या चौकोनापासून सुरुवात केली. ०.३ अंदाजाने रंगव म्हटल्यावर तिने निम्म्याहून जास्त रंगवलं! दहा पट्ट्यांवर आल्यावर स्वतःच हसली. ०.४५ चा वाद मिटला. पण बेरजेत अजून ०.८ + ०.५ = ०.१३ येतंय. आणि एक विचित्र प्रश्न विचारला तिने: दशक-दशांश, शतक-शतांश जोड्या आहेत, मग एककाचा "एकांश" कुठे गेला? मला उत्तर देता आलं नाही.

खडूफळा
वा. हा प्रश्न विचारणारी मुलगी पुढे गणितात अडणार नाही.

आपण ठिपक्याला मधोमध धरतो आणि डावी-उजवी बाजू जुळवायला जातो. मध्यभागी ठिपका नसतो, एककाचं घर असतं. एककाच्या डावीकडे एक घर गेलं की दशक, उजवीकडे एक घर गेलं की दशांश. डावीकडे दोन घरं शतक, उजवीकडे दोन घरं शतांश. एककाला जोडीदार नाही कारण तोच मधला. ठिपका फक्त एकक कुठला ते दाखवायला, त्याच्या उजव्या अंगाला. चौकोनाच्या भाषेत सांगायचं तर एक पूर्ण चौकोन म्हणजे एकक. दहा चौकोन जोडले की दशक, एका चौकोनाचे दहा भाग केले की दशांश.

यातूनच दहाने गुणताना "ठिपका उजवीकडे सरकवा" असं मी सांगत नाही. ठिपका एककाला चिकटलेला, तो कुठे जाणार? अंक सरकतात. ०.०५ ची पाच घरं, ती दहापट केली की पन्नास, म्हणजे पाच पट्ट्या. पाच हा अंक शतांशातून दशांशात आला.

आता बेरीज. तिला दोन चौकोन द्या. एकात आठ पट्ट्या रंगवलेल्या, दुसऱ्यात पाच. "दुसऱ्यातल्या पट्ट्या पहिल्यात भर." दोन भरल्या की पहिला चौकोन पूर्ण. तीन उरल्या. १.३. मग विचारा, "०.१३ रंगवून दाखव." एक पट्टी, तीन घरं. ते तर सुरुवातीच्या ०.८ पेक्षाही लहान! बेरीज करून संख्या कमी झाली कशी, हे तीच विचारेल. तुम्ही काही बोलू नका. (हे सगळ्यात अवघड.)

कात्री वापरू द्या. पट्ट्या कापून खरोखर उचलून ठेवल्या तर नुसत्या रंगवण्यापेक्षा पक्कं बसतं. भाकरीचे दहा भाग करणाऱ्यांनी मात्र एकदा स्वतः दहा सारखे भाग करून दाखवावेत. दशांशासाठी गोल आकार नकोच.

म्युनिककर_मावशी
थोडं अवांतर. आमच्याकडे जर्मनीत दशांशाला ठिपका नसतो, स्वल्पविराम असतो: ०,६. आणि ठिपका हजारांसाठी वापरतात, १.५०० म्हणजे दीड हजार. भारतातून आलेल्या चुलतभावाच्या वहीत माझ्या मुलाने १.५०० बघितलं आणि दीड हजार किलो साखर म्हणून मोकळा झाला. दोघांना रंगवलेला चौकोन दाखवला की भांडण नसतं, तो सगळीकडे सारखाच.

पेनड्राइव्ह
स्थानिक किंमत म्हटलं की २०१९ चं दुसरीचं पुस्तक आठवतं. एकवीसऐवजी वीस एक. तिथूनच सगळं

संपादक
पेनड्राइव्ह, त्यावर वेगळे धागे झालेत. इथे फाटे नकोत.

नाममात्र
बरं, आलेख कागदाचं मान्य. पण गुणाकार? ०.३ × ०.४. इथे तरी नियम लागेलच ना, अंक मोजून ठिपका द्यायचा.

मोजणीदार
शेताच्या हद्दीवर उभे राहा. एका बाजूने तीस मीटर, म्हणजे शंभरातले ०.३. दुसऱ्या बाजूने चाळीस मीटर, ०.४. आतलं क्षेत्र बाराशे चौरस मीटर, बारा आर. ०.१२ हेक्टर. चौकोनावर तीन उभ्या पट्ट्या एका रंगाने, चार आडव्या दुसऱ्या रंगाने. दोन्ही रंग जिथे एकमेकांवर आले तिथली घरं मोजा, बारा. बारा शतांश.

मुलं १.२ लिहितात. १.२ हेक्टर म्हणजे पूर्ण चौकोनाहून जास्त, एका चौकोनाच्या आतला तुकडा तेवढा कसा होईल?

नाममात्र
हे मात्र आवडलं. गुणल्यावर संख्या लहान का होते हे मला बारावीपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

तरी १४.६ ला पंधरा चौकोन काढणं पटत नाही.

खडूफळा
मलाही पटत नाही. चौकोन कायमचा नसतो. आकाराची जाण आली की संख्यारेषेवर यायचंच, नाहीतर मुलं दशांश म्हणजे रंगवायची गोष्ट समजतात आणि १४.६ कुठे आहे विचारलं की वहीत जागा शोधतात. आणि एकाच मापाचे चौकोन हवेत, बरं का. एका पानावर मोठा, दुसऱ्यावर छोटा असं झालं तर मोठ्यातलं ०.३ छोट्यातल्या ०.५ पेक्षा जास्त दिसतं. काही सराव पुस्तिकांत असे छापलेले असतात, ते मी वर्गात वापरत नाही.

रेषेवर जायची वाट मोजणीदारांच्याच आलेख कागदात आहे. दहा सेंटिमीटरच्या चौकोनाच्या दहा पट्ट्या कापा आणि टोकाला टोक लावून जमिनीवर ठेवा. बरोबर एक मीटर होतो. शेजारी शिंप्याची टेप अंथरा. प्रत्येक पट्टी ०.१ मीटर, प्रत्येक घर ०.०१ मीटर, म्हणजे सेंटिमीटर. रंगवलेलं ०.४५ आता टेपवर ४५ च्या खुणेवर संपतं, ०.६ साठच्या खुणेवर. तोच रंग, तीच घरं, फक्त ओळीने मांडलेली. यानंतर १४.६ ला चौदा मीटर नि सहा पट्ट्या, अंगणात चालून जाता येतं.

ओसरी
टेप आहे घरात. एक शेवटचं. वाचताना ती "झिरो पॉइंट पंचेचाळीस" म्हणते, मीही तेच म्हणते. बदलू का?

खडूफळा
सुरुवातीचे काही आठवडे बदला. "शून्य पूर्णांक चार पाच" म्हणा, किंवा "पंचेचाळीस शतांश". पंचेचाळीस शतांश आणि सहा दशांश म्हटलं की निदान कान टवकारतात. पुढे काहीही म्हणू दे, बँकेत सगळेच पॉइंट म्हणतात.

गुगली
सर, भागाकाराचं पण लिहा ना. ०.६ ÷ ०.०२ चं उत्तर ३० येतं यावर आमचे चिरंजीव विश्वास ठेवत नाहीत. भागून संख्या वाढते म्हणजे अंपायर विकला गेलाय म्हणतात.

खडूफळा
साठ घरं रंगवा. दोन-दोन घरांचे तुकडे कापा. किती झाले ते त्यालाच मोजू द्या.